अक्का, तुझा हेडफोन आणि माझं तेलाचं डोकं

अक्का, काल पोस्टमास्तर आले होते. तू गेल्यावर तुझ्या जलदानाच्या दिवशी गर्दीत मागे बसून गेले होते, काल मात्र एकटेच आले. चहा घेतला. क्वार्टर कधी सोडायचं ते विचारलं, भाऊ न्यायला कधी येणार ते विचारलं. मग फळीकडं बघत म्हणाले, "ताई, सिस्टरचा तो हेडफोन... तुम्हाला त्याचा काय उपयोग? माझ्याकडं नीट राहील."

माणूस वाईट नाही. खाली मान घालून बोलले. तुझी आठवण म्हणूनच मागत असतील.

मी परक्या माणसासमोर बोलत नाही हे तुला ठाऊक आहे. बाजारात भाजीवालीनं कमी तोललं तरी मी तशीच पिशवी घेऊन येते आणि तू रागावतेस. पण काल मी "न्हाई" म्हणाले. त्यांना वाटलं, आपण नीट ऐकलं नसेल, म्हणून थांबले. मी परत म्हणाले, "न्हाई द्यायचा." आणि त्यांची कपबशी उचलून आत गेले ती बाहेर आलेच नाही. ते थोडा वेळ बसले असतील. मग दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं आहे. तोंडानं बोलायची सवय तू या घरात ठेवलीच नाहीस, म्हणून लिहून राहिले. अक्षर चौथीचंच आहे. पुढं जायची वेळ आली नाही त्याला.

आपलं गाव जवळा बाजारच्या अलीकडं, आणि गावात शाळा चौथीपर्यंतच. तू तेव्हा जवळ्याच्या शाळेत जायला लागली होतीस. मी चौथी पास झाले त्या उन्हाळ्यात आईच्या कडेवर भाऊ होता, आणि आईला कापूस वेचायला जायचं होतं. लेकराला कुणीतरी बघायला पाहिजे होतं. मी रडले तेव्हा आई म्हणाली, थांब गं थोडी, अक्का शिकली की तुला ती शिकवील. तू समोरच जेवत होतीस. तुला विचारलं, व्हय ना गं अक्का? तू तोंडातला घास तसाच ठेवून म्हणालीस, "व्हय."

त्या एका शब्दावर मी किती वर्षं बसून होते, ते तुला कळलं नसेल. कधी बोलून दाखवलं नाही.

तुझं चांगलंही सांगते, नाहीतर म्हणशील, शेवंता उपकार विसरली. नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा माहेरून कुणी आलं नाही. तू आलीस. डोंगरकड्याच्या दवाखान्यात नुकतीच बदली झाली होती तुझी. पांढऱ्या साडीतच एसटीतून उतरून माझ्या सासरच्या अंगणात उभी राहिलीस. सासू काहीबाही बोलत होती, तिच्याकडं बघितलंही नाहीस. मला म्हणालीस, "शेवंते, पिशवी भर." एवढंच. येताना बसमध्ये मला खिडकी दिलीस. वसमत येईपर्यंत माझ्या हातावरचा हात काढला नाहीस. आजही मला कुणी विचारलं की जगात तुझं कोण, तर मी तो हात सांगीन.

म्हणून तर जास्त लागतं, अक्का. वाईट बहीण असतीस तर मी केव्हाच सोडून दिलं असतं.

इथं आल्यावर घर मी बघायला लागले, आणि तू दवाखाना. पहिल्या दिवाळीला तू नांदेडहून छोटा टेप आणलास, कमरेला अडकवायचा. त्याच्याबरोबर हेडफोन आला, पातळ पत्र्याची पट्टी आणि दोन्ही टोकांना नारिंगी फोमच्या चकत्या. तू घातलास आणि माझ्यासमोर तुझा चेहरा बदलला. कपाळावरची आठी गेली. मी तुला लहानपणी झोपेत बघायची, तशी दिसलीस.

तू म्हणालीस, "माझ्या कानात दिवसभर बायांचं ओरडणं असतं, शेवंते. संध्याकाळी कान धुऊन घ्यावं वाटतं."

ते मला पटलं. अडलेल्या बायांचं ओरडणं मीही या भिंतीतून ऐकायची. म्हणून तू जो नियम घातलास तोही मी पाळला. हेडफोन कानावर असला की हाक मारायची नाही. पेशंट आला तर समोर येऊन उभं राहायचं. घरातलं काही असेल तर थांबायचं.

थोड्या दिवसांनी मी विचारलं, मला दे की गं जरासा. एकदाच विचारलं. तू हसून म्हणालीस, "तुझं तेलाचं डोकं! फोम खराब होऊन जाईल." आणि हेडफोन रुमालात गुंडाळून ठेवलास.

तू बोललीस आणि विसरलीस. मी मात्र त्या दिवसापासून तेल लावायचं सोडलं. शिकेकाई उकळून डोकं धुतलं, वाळलं की परत धुतलं. केस चिपाडासारखे झाले. डोकं खाजायचं. पदर डोक्यावरून घसरायचा, धरून बसत नव्हता. मग एका रविवारी तू टेप घेऊन बसलीस तेव्हा मी केस मोकळे सोडून तुझ्यासमोर तांदूळ निवडायला बसले. बोलायचं नव्हतंच मला. तुला दिसावं एवढंच वाटत होतं.

तुला दिसलं. हेडफोन काढून बाजूला ठेवलास आणि म्हणालीस, "काय अवतार केलास हा? काहून तेल लावून नाही राहिली?" मी तांदूळ निवडत राहिले. तू उठलीस, तेलाची बाटली आणलीस, मला दोन्ही गुडघ्यांच्या मधी बसवलंस आणि डोक्यावर तेल थापलंस. आई लावायची तसं, मानेपर्यंत. बोटांनी एक एक गुंता सोडवलास. वेणी घातलीस. किती बरं वाटत होतं, अक्का. आणि माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. तुला वाटलं, गुंता ओढला जातोय. म्हणालीस, हळू करते.

मग हात धुऊन परत हेडफोन घातलास.

त्या दिवसानंतर मी विचारलं नाही. आणि तुझा शौक वाढत गेला. इतर बाया सोन्याच्या दुकानापुढं थांबतात, तू रेडिओ-टेपच्या दुकानापुढं थांबायचीस. नांदेडचं दुकान संपलं, परभणीचं संपलं, मग हैदराबाद. तिथं तू मला नेलंस, पिशव्या धरायला का होईना. पूर्णेहून गाडी पकडली. कोटी बाजारातल्या त्या गल्लीत दुकानदार म्हातारा होता, पान खाणारा. तू तुझी स्वतःची कॅसेट पर्समधून काढलीस आणि म्हणालीस, हिच्यावर ऐकवा. एक हेडफोन घातलास, काढलास, दुसरा घातलास, परत पहिला. तो आधी वैतागला. पण तू सांगायला लागलीस, यात ढोलकी जाड येते, यात बाईचा आवाज नाकातून येतो, तसा तो खुर्ची ओढून तुझ्यासमोर बसला आणि आतून एक खोकं घेऊन आला. मोठा, काळा हेडफोन, कान पुरा झाकणारा, मऊ रेक्झिनच्या गाद्या असलेला. तू तो घातलास आणि डोळे मिटलेस. दुकानातला पंखासुद्धा हळू फिरतोय असं मला वाटलं.

दुकानदार माझ्याकडं बघून म्हणाला, "आपा, छोटी बहन कू भी सुनाओ की."

मी एक पाऊल पुढं टाकलं होतं. तुला दिसलं का ते? तू डोळे उघडून त्याला म्हणालीस, "उसको क्या समझेगा इसमें का. चौथी पढी है वो."

म्हातारा पान चघळत हसला. "कान कू भी इस्कूल लगता क्या, आपा?"

तूही हसलीस. मीही हसले, कारण तुम्ही दोघं हसत होतात आणि मी मधी उभी होते. परतीच्या गाडीत खोकं तुझ्या मांडीवर होतं आणि मी खिडकीबाहेर बघत होते. या वेळीही खिडकी तूच दिली होतीस.

चौथीपुढं मी का शिकले नाही, हे त्या दुकानात फक्त तुला माहीत होतं.

घरी आल्यावर तू लगेच ऐकायला बसली नाहीस. दुकानदारानं सांगितलं होतं म्हणे, नवा हेडफोन कोंडलेला असतो, आधी नुसता वाजवत ठेवायचा, लोणच्यासारखा मुरवायचा, मग आवाज मोकळा होतो. तू दिवसभर दवाखान्यात. मग मुरवणार कोण? फळीवर तू मोठा टेप बसवला होतास. त्याला लांब वायर लावून हेडफोन गोधडीत गुंडाळलास आणि डाळीच्या रिकाम्या डब्यात ठेवलास, आवाज शेजारी जाऊ नये म्हणून. मला म्हणालीस, बाजू संपली की खट् वाजतं, कॅसेट उलटून परत लावत जा.

मी उलटत राहिले. भाकरी थापताना, हळद निवडताना, खट् ऐकू आलं की उठायचं. पिठाचे हात पदराला पुसायचे आणि कॅसेट उलटायची. मधी मधी डब्यावर तळहात ठेवून बघायची, चालू आहे का. आत कुणीतरी गुणगुणल्यासारखं हाताला लागायचं. ढोलकीचा ठेका बोटांना वेगळा लागायचा, लांब सूर तळव्याला वेगळा लागायचा. तेवढं माझं होतं.

झाकण उघडून मी कधी कानाला लावला नाही, अक्का. लोकांना खरं वाटणार नाही, घरात दिवसभर दुसरं कोण होतं? पण नाही लावला. आणि तू कधी विचारलंही नाहीस, लावलास का म्हणून. तुला एवढी खात्री होती माझी. तू संशय घेतला असतास तर बरं वाटलं असतं. निदान माझ्या मनात ते येऊ शकतं, एवढं तरी तुझ्या मनात आलं असतं.

तो मुरला तेव्हा तू ऐकलास आणि मला सांगत बसलीस. सांगायला तुला आवडायचं. ढोलकीवाला इथं डावीकडं बसलाय, सारंगी उजवीकडं, थोडी मागं. मधी गाणारी बाई. कडवं सुरू करायच्या आधी श्वास घेते तो सुद्धा येतो, शेवंते, जणू तुझ्या खांद्यापाशी घेतला. मी चुलीसमोर बसून ऐकायची. सगळी बैठक मला पाठ झाली, कोण कुठं बसलंय ते. बघितली मात्र नव्हती. ऐकलीही नव्हती. तू मला सांगायचीस, ऐकवायची नाहीस.

मग पोस्टमास्तरांची बदली इथं झाली आणि तुला शौकाचा माणूस मिळाला. दर रविवारी यायचे. त्यांच्याकडंही दोन-चार हेडफोन होते, तुम्ही एकमेकांचे बदलून ऐकायचात आणि भांडायचात, कुणाचा आवाज उघडा, कुणाचा दाबलेला. पहिल्याच रविवारी तू त्यांना तो काळा दिलास आणि म्हणालीस, "महिनाभर मुरवलाय मी."

मी. असं म्हणालीस. मी चहा घेऊन दारात उभी होते.

आणि त्यांचं डोकं बघितलंस का गं कधी? केसाला वासाचं तेल, एवढं की उन्हातून आले की कपाळावर उतरलेलं असायचं. ते गेले की गाद्यांवर चकचकीत डाग दिसायचा. तू काही न बोलता मऊ फडक्यानं पुसायचीस. वर्षं गेली अशी. मी बघत राहिले.

बोलले ते यंदा, आणि तेही चुकीच्या वेळी, आता वाटतं. तू फडकं घेऊन गाद्या पुसत होतीस. माझ्या तोंडातून गेलं, "पोस्टमास्तरचं तेल चालतं का त्याला?"

तू वर बघितलंस. "ते पाहुणे आहेत. काहून वाद घालून राहिलीस?"

"मग मी कोन हाये?"

एवढं स्वच्छ मी तुला आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.  काहीतरी बोलणार होतीस, ओठ हलले होते तुझे, मी बघितलं. मग तू हेडफोन कानावर घातलास. म्हणजे झालं. आता हाक मारायची नाही.

पुढचे काही दिवस आपण मीठ-भाकरीपुरतंच बोललो. मला वाटलं, रविवार येईल, तू डोकं धुशील, मी तुझी वेणी घालीन, तेव्हा निघेल विषय. रविवार आला. पण पहाटेच तुला एका बाळंतिणीसाठी उठवून नेलं आणि तू उन्हं चढल्यावर परत आलीस. पोरगं झालं, दोघं चांगली आहेत, एवढं सांगितलंस. जेवायचं नंतर, म्हणालीस. पोस्टमास्तर गावाला गेले होते. तू कॅसेट लावलीस आणि खुर्चीत बसलीस.

मी पीठ चाळत होते. खट् वाजलं. मी उठले. तू डोळे मिटून, मान थोडी कलती करून बसली होतीस, नेहमीसारखी. मला राग होता, तरी बाजूनं हळू गेले, कॅसेट उलटली, बटण दाबलं, आणि परत येऊन पीठ चाळायला बसले. भाकरी झाल्या. गार झाल्या. परत खट् वाजलं तेव्हा आले तर तुझा हात खुर्चीवरून खाली लोंबत होता. त्या दिवशी पहिल्यांदा तुझा नियम मोडून मी तुला हाक मारली. मग हेडफोन ओढून काढून मारली. मग ओरडले. शेजारचे सगळे आले, तुझे डॉक्टर आले. म्हणाले, तास होऊन गेला.

बाजू अर्ध्या तासाची. तास म्हणजे दुसरी बाजू चालू व्हायच्या आधी, अक्का. मी हिशोब करत नव्हते, तो आपोआप झाला. ती बाजू मी तुला मेल्यावर ऐकवली. पहिल्या खट्ला हाक मारली असती तर काही झालं असतं का, ते डॉक्टरांना विचारलं नाही. ते नाही म्हणाले असते, आणि मला खरं वाटलं नसतं. पण नियम तुझा होता. माझ्या तोंडावर हात तू ठेवला होतास, आणि नेमक्या त्याच हातानं तू मेलीस, असं मला वाटतं. रडून झालं की तेच वाटतं. परत रडू येतं तेव्हा तुझी माझ्या केसांतली बोटं आठवतात.

परवा भाऊ येणार. हे घर रिकामं करायचं. म्हणून आज सकाळी डोक्याला तेल लावलं. नेहमीपेक्षा जास्त, चपचपीत, मानेपर्यंत, तू लावलं होतंस तसं. फळीवरून हेडफोन काढला. इतकं जपूनही गाद्यांचं रेक्झिन आता उकलायला लागलंय, काळे पापुद्रे सुटतात. माझं तेल न लागताच गेलं ते. टेपमध्ये कॅसेट तशीच होती, कुणी काढली नव्हती. ती तुझ्यासाठी उलटलेली बाजू मागं फिरवून घेतली, तुझ्या खुर्चीत बसले आणि घातला.

साधं निघालं असतं तर किती बरं झालं असतं. मला वाटलं असतं, एवढंच होतं होय, यासाठी कशाला जीव जाळला. पण तू म्हणायचीस तसंच होतं. ढोलकी डावीकडं. सारंगी उजवीकडं, जरा मागं. मधी बाई. कडव्याआधी तिचा श्वास माझ्या खांद्यापाशी आला आणि माझ्या अंगावर काटा आला. तू एक शब्दही वाढवून सांगितला नव्हतास. एवढं तुझ्याजवळ होतं, आणि माझी चूल त्या खुर्चीपासून चार हातांवर होती.

आणि एक तू सांगितलं नव्हतंस. दुसऱ्या कडव्यात, सूर लांबवताना, त्या बाईच्या काचेच्या बांगड्या वाजतात. अगदी बारीक. हात वर नेत असेल. मी मागं फिरवून परत ऐकलं. वाजतात. तुला ऐकू आल्या नाहीत, की मला सांगाव्या वाटल्या नाहीत? की तू ही बाजू कमी लावायचीस? हे मी कुणाला विचारू? पोस्टमास्तरांना विचारणार नाही.

मला कळलं, अक्का. चौथी पास बाईला पहिल्या बारीला कळलं. तो म्हातारा दुकानदार बराबर बोलला होता, आणि तू हसली होतीस.

बाजू संपली. खट् वाजलं. मी सवयीनं उलटायला उठले, आणि दोन पावलांवर खुर्चीच्या हाताला अडकलेली वायर ताणली गेली, डोकं मागं ओढलं गेलं. तेव्हा ध्यानात आलं की या टोकाला आज मी आहे, आणि उलटायला कुणी येणार नाही.